काजूच्या तेलाचा डाग

"माझ्या बायकोनं पोरीला विष घातलंन!" धोंडू शालनच्या दारातूनच ओरडला.

त्याची वीस वर्षांची राही लांज्याच्या काजू कारखान्यात कामाला. काल कामावरच कोसळली. आता रत्नागिरीच्या दवाखान्यात होती. संध्याकाळी धोंडू पोलिसांत जाणार होता.

खाजगी तपास करणारी शालन जाधव लगेच निघाली. मागून तिचा सोबती, निवृत्त हवालदार सदू.

राहीची सावत्र आई सोनूबाई दवाखान्याच्या पायरीवर बसे, उठे, पुन्हा बसे. धोंडू तिला आत सोडत नव्हता.

"रांधतं कोण?" शालननं विचारलं.

"मीच. एकाच टोपातलं सगळी जेवतो. राही दोघींचं जेवते, मग परसात पळते. लाल डोळ्यांनी परत येते. विचारलं तर म्हणते, तू कोण माझी?"

"ऐकलंत? हिच्या हातचं पोटात ठरत नाय!" धोंडू उसळला.

आत राही पडून होती. गाल फुगलेले, हात काडीसारखे. उजव्या हाताच्या बोटांच्या सांध्यांवर जुने-नवे व्रण.

"काजूच्या टरफलातलं तेल भाजलंन," धोंडूनं स्वतःच्या दोन्ही हातांची काळी पडलेली बोटांची टोकं दाखवली. "मीपण काजू फोडायला होतो तिथं."

"बरोबर," सदू म्हणाला.

"तू कारखान्यात काय करतेस गो?" शालननं राहीला विचारलं.

"सोललेले गर निवडते."

शालननं तिला आ करायला लावलं. पुढचे दात आतून झिजलेले.

"लग्नाचं बघतायत?"

"मुंबैचा मुलगा आलेला. म्हणाला, फोटोत बारीक दिसत होती."

डॉक्टर आले. "विष सापडलं नाही. रक्तातलं पोटॅशियम फार उतरलंय. हृदयाचे ठोके चुकतायत."

"मग गुन्हेगार कोण?" सदू गोंधळला.

"कोणी नाही, सदूभाऊ," शालन म्हणाली. "तेल भाजतं बोटांच्या टोकांना, तेही फोडणाऱ्यांच्या. हिची टोकं नितळ आहेत. एकाच हाताच्या सांध्यांवरचे व्रण दातांचे आहेत. परसात जाऊन ही घशात बोटं घालते. वर येणाऱ्या आंबट पाण्यानं दात आतून झिजले, रोजच्या ओकाऱ्यांनी गाल सुजले, अंगातले क्षार गेले आणि काळीज अडखळलं. धोंडूभाऊ, अन्नात काही नव्हतं. हा आजार आहे."

राहीला हुंदका फुटला. "रोज ठरवते, आज नको. थांबवता येत नाय गो, बाय."

धोंडू खाली मान घालून बाहेर गेला. आत आली ती सोनूबाई. कॉटपासून हातभर लांबच उभी राहिली.

"आये," राही पहिल्यांदाच म्हणाली, "जेवल्यावर मला एकटी सोडू नको."

"नाय सोडत. शिव्या दिल्यास तरी नाय."