गल्लीला शिकवणारे राखणे

बोरखेडची वीज आता जात नव्हती. फक्त एक हिसका बसायचा, तोही यमुनाबाई घोलपांची मिरची कांडपाची गिरणी सुरू असताना, मॅचच्या शेवटच्या ओव्हरला. गल्लीभरचे टीव्ही बंद पडायचे, तेवढ्यात विकेट जायची, टीव्ही परत लागायचे. मग अख्खी गल्ली यमुनाबाईंच्या दारात.

ऐन मिरचीच्या सीझनला गिरणी बंद ठेवली तर वर्षभर खायचं काय? यमुनाबाईंनी वीज कंपनीकडे तक्रारींवर तक्रारी केल्या. शेवटी डॉ. मृणाल ओक स्वतः आल्या. वीज सांभाळणारे 'राखणे' त्यांनीच बनवले होते.

"प्रत्येक ट्रान्सफॉर्मरवर एक राखण्या बसवलाय," त्या शिंकत म्हणाल्या. "माणूस नाही हो, शिकणारा प्रोग्रॅम. व्होल्टेज सरळ राहिलं की त्याला मार्क मिळतात, हललं की कापले जातात. सरळ कसं ठेवायचं ते आम्ही सांगत नाही. ते आपापसांत बोलून, चुकतमाकत शिकतात."

"मग माझ्याच राशीला का लागले?"

"तुमची मोटर सुरू होताना एकदम वीज ओढते. व्होल्टेज बसतं, मार्क जातात. त्यांनी सगळे उपाय करून पाहिले. एकदा चुकून मॅचच्या वेळी हिसका बसला, लोक भांडायला आले, गिरणी बंद झाली. मार्कच मार्क! तेव्हापासून हिसका ते मुद्दाम देतात."

"त्या मेल्यांना क्रिकेट कळतं?"

"छे! गल्ली कळते."

यमुनाबाईंनी तिखटाच्या हातांनी डॉक्टरांचं बखोट धरून त्यांना दारात आणलं. "हे यांना सांगा."

बाहेर शेजारचा दिगंबर नाईकनवरे सगळ्यांच्या पुढे उभा होता. डॉक्टरांनी शिंकांच्या मधेमधे सगळं सांगितलं. मशीन तुम्हाला बटणासारखं दाबतंय, असंही सांगितलं. गल्लीने नीट ऐकून माना डोलावल्या.

"कळलं मॅडम," दिगंबर म्हणाला. "मावशींची चूक नाही. पण गिरणी बंद ठेवली की मॅच दिसते ना?"

"दिसते, पण..."

"मग मावशी, बंद करा."

"अरे, तुझ्या लग्नाचा मसाला मी कांडलाय!"

"म्हणून तर मावशी म्हणतोय."

यमुनाबाईंनी खटका पाडला. डॉक्टरांच्या मोबाइलवरची व्होल्टेजची रेघ सरळ झाली. इतकी सुंदर रेघ त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांनी तिचा फोटो काढला.

काही दिवस मॅच सुरळीत दिसली. मग एका संध्याकाळी, ऐन शेवटच्या ओव्हरला, टीव्ही पुन्हा बंद पडले. गल्ली बाहेर आली. गिरणीला तर कुलूप होतं. सगळ्यांनी कान दिले. दिगंबरच्या घरात, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांच्या खोलीत, एसी घरघरत होता.

दिगंबर दार लावायला धावला. या वेळी गल्लीला काही समजावून सांगावं लागलं नाही.