पश्चिमेच्या पायऱ्या

घरामागे स्विमिंग पूल बांधून घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना पोहता येत नाही. उरलेल्यांना येतं, पण ते पोहत नाहीत. बावीस वर्षं अंधेरीत राहून मी हाच धंदा करते आहे आणि पहिल्या भेटीत सगळे मला एकच प्रश्न विचारतात, दिवे किती रंगांचे मिळतील? फिल्टर कुठला, पंप केवढा, सगळं पाणी किती तासांत एकदा गाळून यायला हवं, हे विचारणारा अजून भेटायचा आहे. पंपाच्या तोंडाशी जाळीची एक टोपली असते. पाण्यात पडलेलं सगळं शेवटी तिच्यात येऊन अडकतं. टिकल्या, केसांचे पुंजके, बँडेज, एकदा एका निर्मात्याच्या दाताची टोपी. माणसं फोटोत कशीही दिसोत, ती टोपली उघडली की कळतात. ते काम मी कामगारांना देत नाही. खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा येते.

मढचं काम दिवाळीनंतर आलं. वर्सोव्याच्या धक्क्यावर फेरीबोटीत स्कूटर चढवली की पाच मिनिटांत पलीकडे. प्रज्योतचा बंगला बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांडींमागे होता. बाप मासेमारी करायचा, याने बर्फाचा कारखाना काढला आणि जुनं कौलारू घर पाडून चार ग्रीक खांब उभे केले. खांबांवर काहीच टेकलेलं नव्हतं. बंगला सिरियलच्या शूटिंगला आणि शनिवार-रविवारच्या पार्ट्यांना भाड्याने जायचा, आणि पूल असलेल्या बंगल्याला मागणी जास्त, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं.

"मॅडम, एकदम झकास पायजे," तो म्हणाला. "धबधबा, रंगीत लाइट, आणि तळाला टाइल्सचा डॉल्फिन."

"डॉल्फिन कशाला?"

"आपण कोळी ना."

मी डॉल्फिन काढून टाकला. धबधबाही काढला. त्याची बायको दिपाली मोबाइलवर दुबईतल्या हॉटेलांचे फोटो दाखवत होती, तिला मी म्हटलं, तुमची जागा आठ मीटर बाय चार मीटर आहे, दुबई तिच्यात मावणार नाही. मग मी माझ्या पद्धतीने ठरवलं. वाळूचा फिल्टर, दोन वेगांचा पंप, फिकट हिरव्या काचेच्या बारीक टाइल्स, काठाला खरखरीत काळा ग्रॅनाइट आणि मिठावर चालणारं यंत्र. या यंत्राला लिटरमागे चार ग्रॅम मीठ लागतं. त्यातून ते क्लोरिन बनवतं, डोळे चुरचुरत नाहीत. "म्हणजे समुद्राचंच पाणी," दिपाली म्हणाली. समुद्रात पस्तीस ग्रॅम असतं, हे मी तिला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तिने मान डोलावली आणि तिला काहीही कळलं नाही.

मागच्या पडवीत प्रज्योतची आई सुके बोंबील निवडत बसलेली असायची. मथुराबाई. सत्तरीची, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. सासरे कुठे आहेत, असं मी दिपालीला विचारलं तर ती प्रज्योतकडे बघायला लागली.

"एकोणीस वर्षं झाली," प्रज्योत हळूच म्हणाला. "बोटीवरून पडले. सापडलेच नाय. आय मानत नाय."

मथुराबाईने माझा आराखडा मागितला. उलटा धरेल असं मला वाटलं होतं. तिने तो सरळ धरला, बोट फिरवलं आणि विचारलं, "उतरायचं ऱ्हाऊ दे. वर कुठशी यायचं?"

मी घराकडच्या कोपऱ्यातली स्टीलची शिडी दाखवली.

"ती नको. पश्चिमेकून पायऱ्या पायजेत. सात. रुंद काढ, त्याचा गुडघा वाकत नाय. नि धरायला दांडा उजव्या हाताला. डाव्या हाताची करंगळी नि तिच्या बाजूचा बोट दोरानं नेलाय, पकड नाय त्या हाताला."

"कोणाच्या, मावशी?"

"भिकाजीच्या," ती म्हणाली. तिच्या नवऱ्याचं नाव मला कसं माहीत नाही, असा तिचा चेहरा झाला.

अशा लोकांशी वाद घालत बसलं तर पूल होत नाहीत. मी पेन्सिलीने पश्चिमेला सात पायऱ्या काढल्या, उजवीकडे दांडा काढला. तिने बोटाने एकेक मोजली.

"सात हायत. करशील ना गो बाय? बोल."

"करते," मी म्हटलं.

फाटकापाशी दिपालीने मला गाठलं. "मॅडम, त्या पायऱ्या कॅमेऱ्यात किती वाईट दिसतील! आईंना काय कळतंय?" खरं सांगायचं तर मलाही त्या नकोच होत्या. पश्चिमेची भिंत म्हणजे त्या पुलाचा चेहरा, ती सलग काचेचीच हवी. मी दोन कागद केले. पायऱ्यांचा म्हातारीला दिला, बिनपायऱ्यांचा साइटवर लावला. काँक्रीट पडलं तेव्हा तिने विचारलं. टाइल्स लागल्या तेव्हा विचारलं. पायऱ्या शेवटी बसवतात मावशी, असं मी प्रत्येक वेळी सांगितलं. दुसऱ्यांदा सांगून मला हसू आलं, तेही आठवतं.

माघात पूल भरला. मथुराबाई काठाशी येऊन सलग भिंतीकडे खूप वेळ बघत राहिली. मग आत गेली आणि चौकड्यांचा एक रुमाल घेऊन आली, कोळी पुरुष कमरेला गुंडाळतात तसला. घडी करून तिने तो पश्चिमेच्या काठावर ठेवला.

दहा दिवसांनी प्रज्योतचा फोन आला. पश्चिमेच्या भिंतीच्या टाइल्स पडत होत्या.

मी गेले. एकाच जागी, वरून हातभर खाली, टाइल्समधला सिमेंटचा भराव खरवडून निघाला होता. चिकटवण्याचा माल खराब असणार किंवा पार्टीला आलेल्या कोणीतरी चाळा केला असणार. मी कारागिराला शिव्या घातल्या, पाणी उतरवून दुरुस्ती करून घेतली. यंत्रावर मिठाचा आकडा नऊ दिसत होता. कोणीतरी अकलेचा कांदा मिठाची जास्तीची गोणी ओतून बसला होता, दुसरं काय?

पुढच्या पंधरवड्यात पुन्हा तेच. तीच जागा. या वेळी मी गुडघ्यावर बसून नीट पाहिलं. भराव उभ्या ओळींनी गेला होता. उजवीकडे पाच ओळी, डावीकडे तीन. कंपासमधल्या पट्टीने मी त्यांच्यातलं अंतर मोजलं आणि पट्टी परत ठेवली. ते अंतर वहीत लिहिलं नाही.

मिठाचा आकडा एकोणीस होता.

"पाणी चढतंय पण," प्रज्योत म्हणाला. "दुपारी हातभर वर येतं नि संध्याकाळी जागेवर. रोज नाय, उधाणाला."

"समुद्राचं पाणी झिरपतंय, असं म्हणायचंय का तुला?"

"तुम्ही सांगा ना, इंजिनियर तुम्ही."

मी लेव्हल लावून मोजलं. मोठ्यात मोठ्या भरतीची रेषा पुलाच्या तळाच्याही सात फूट खाली होती. पाणी डोंगर चढत नाही, असं मी त्याला सुनावलं. बर्फाच्या धंद्यातला माणूस, पाणी कुठून कुठे जातं हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.

पडवीतून मथुराबाईचा आवाज आला. "त्याला वर येता येत नाय. तू त्याच्या पायऱ्या चोरल्यास."

"मावशी, तिथे कोणीही नाहीये."

"पुनवेला ये. तिथीची पाऊणपट कर, भरती कवा ती कलंल. पंधरा पाऊणे सव्वाअकरा, नि वर घटकाभर. बारा वाजता ये."

मी गेले. तिला खोटं पाडायला गेले. सोबत मिठाचा सुटा मीटर होता, टेप होती, कॅमेरा होता. फाल्गुनाची पौर्णिमा, ऊन डोक्यावर. प्रज्योत आणि दिपाली होळीच्या सामानाला मालाडला गेले होते. पुलाच्या पश्चिमेच्या काठावर मथुराबाई मांडी घालून बसली होती. रुमाल मांडीवर होता.

दुसऱ्या दुरुस्तीनंतर पाणी नवं भरलं होतं, अकरा वाजता मीटर चार दाखवत होता. साडेअकराला बावीस. पंप बंद होता, नळ बंद होता. मी टेप लावली. पाणी दोन बोटं चढलं होतं. मग चार.

बाराला पाच कमी असताना मीटर पस्तीसवर थांबला. पाण्याला बंदरावरच्या पाण्याचा वास यायला लागला, जाळ्यांचा, डिझेलचा.

वारा अजिबात नव्हता. पाणी सपाट होतं, तळाची टाइलन् टाइल दिसत होती. पुलात कोणी नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

टिक्.

पश्चिमेच्या भिंतीवरची एक टाइल सुटली आणि डुलत खाली गेली.

मग दुसरी. मग तिच्या वरची.

"धर," मथुराबाई म्हणाली. "धर रे, जवल आलास."

काळा ग्रॅनाइट तापून कोरडा होता. त्याच्या कडेवर ओल उमटली. अंगठा, आणि त्याच्या शेजारची दोन बोटं. पुढे काही नव्हतं.

मी टेप टाकून उठले.

मथुराबाई पोटावर पडली. तिने दोन्ही हात पाण्यात घातले, खांद्यापर्यंत, आणि तिचं अंग पुढे ओढलं गेलं. चुडा दगडावर खणखणला. छाती काठाच्या पलीकडे गेली.

मी तिला कमरेला धरून मागे खेचलं.

बुडत्या माणसाला कोणीही खेचतंच. मी दुसरं काय करणार होते? ती म्हणाली, "सोड गो, सोड, हात हाय माझ्या हातात." मी सोडलं नाही. सगळा जोर लावला. कुठेतरी काहीतरी सुटलं आणि आम्ही दोघी मागे पडलो.

ग्रॅनाइटवरची तीन बोटं मागे घसरत गेली. लांब ओल राहिली. उन्हाने तीही दोन मिनिटांत सुकली.

मथुराबाई उठून बसली. तिने मला शिवी दिली नाही. मी आजवर माझ्या गिऱ्हाइकांकडे ज्या नजरेने बघत आले, त्याच नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं.

"तुना मापं येतात," ती म्हणाली. "बाकी काय येत नाय."

दुसऱ्या दिवशी मी पूल रिकामा करायला घेतला. प्रज्योतने कारण विचारलं नाही, दिपालीनेही कॅमेऱ्याचं नाव काढलं नाही. उपसायचा पंप आम्ही बाहेरून आणतो, त्यामुळे पंपघरातल्या यंत्रांना कोणी हात लावला नाही. भिंत फोडून मी पश्चिमेला सात पायऱ्या ओतून घेतल्या. रुंद, उंचीला अर्ध्या, न वाकणाऱ्या गुडघ्यासाठी. उजवीकडे दांडा. साइटवर मी रोज सकाळी सातला हजर असायचे. बावीस वर्षांत इतकं नेटकं काम माझ्या हातून झालं नव्हतं. मधल्या अमावास्येला पूल कोरडा होता. त्या दुपारीसुद्धा मथुराबाई रुमाल घेऊन कोरड्या पुलाशी बसली होती. मी तिच्यापासून लांब, फाटकापाशी उभी राहिले. मला लाज वाटत होती आणि भीतीही.

चैत्राच्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पूल भरला. मीठ चार ग्रॅम.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता आम्ही चौघंही काठाशी होतो. मीटर चारवर होता. साडेबाराला चार. एकला चार. पलीकडे समुद्र उधाणाने वलांडींपर्यंत आला होता, तो ऐकू येत होता. पुलातलं पाणी जागेवर होतं. पायऱ्या पाण्यातून स्वच्छ दिसत होत्या, सातही.

दोन वाजता मथुराबाई उठली. तिने रुमालाची घडी मोडली, झटकला आणि प्रज्योतच्या हातात दिला. मग पहिल्या पायरीवर बसून दोन्ही मनगटं ग्रॅनाइटच्या कडेवर आपटली. एकोणीस वर्षांचा चुडा होता, एका आपटण्यात फुटला नाही. हिरव्या काचा पायऱ्यांवरून खाली खाली गेल्या. दिपाली रडायला लागली. प्रज्योत "आये, आये" एवढंच म्हणत राहिला.

मला तिथे उभं राहवेना. पंप सुरू करते, असं काहीतरी पुटपुटून मी पंपघरात गेले. पंप सुरू करण्याआधी टोपली साफ करायची असते. पूल रिकामा करायच्या आदल्या रात्री पंप चालला होता, तेव्हापासून ती कोणी उघडली नव्हती. झाकणाचे आटे घट्ट बसले होते, दोन्ही हात लावून ते फिरवलं आणि टोपली उन्हात आणली.

थोडा पाला होता. भरावाचा पांढरा चुरा होता. मला आधी वाटलं, टाइल्सचे कपचे असतील. मी एक उचलून तळहातावर घेतला. एका बाजूने वाकलेला होता, पिवळट, जाड, मुळाशी काळा.

मोजायची सवय आहे मला. उजव्या हाताची पाच नखं कुठली आणि डाव्याची तीन कुठली, हे काही सांगता येत नव्हतं. पण आठ होती.