बारावं इंजिन

लिफ्ट बंद होती आणि लिफ्टवाला जिना चढत होता.

तो लिफ्टवाला आहे हे तिला तेव्हा नक्की ठाऊक नव्हतं. तिला दिसत होती ती एक उंच पाठ, त्या पाठीवर हत्यारांची पिशवी... आणि दर मजल्यावर लिफ्टच्या बंद दारापाशी थांबून सोडलेला एक उसासा. तिसऱ्या मजल्यावर तिला राहवलं नाही.

"लिफ्ट दुरुस्त करायला आलायत ना? मग करा की. चढताय कशाला?"

"ती दुसऱ्या कंपनीची आहे," तो वळून म्हणाला. "मी हात लावला तर नोकरी जाईल. नाहीतर दहा मिनिटांचं काम होतं."

"मग आलात कशाला?"

"खोका न्यायला."

ती थबकली. तीही खोकाच न्यायला आली होती.

ही खोक्याची भानगड आधी सांगायला हवी. ती दिवसभर दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवायची आणि उरलेल्या वेळात ऑनलाइन लिलावाच्या साइटवर जुन्या छोट्या आगगाड्या शोधायची... टेबलावर धावणाऱ्या, हाताच्या पंजाएवढ्या इंजिनाच्या. चकचकीत फोटोंच्या वाटेला ती जात नसे. आपण काय विकतोय हे ज्याला कळलेलंच नाही, असा विक्रेता तिला हवा असायचा. 'माळ्यावरचं सामान' असं लिहून कुणीतरी धूसर फोटो टाकतं, त्या फोटोच्या कोपऱ्यात एखादं चाक दिसतं, आणि त्या चाकावरून इंजिन ओळखण्यात ती पटाईत होती. धुराडं तुटलेलं असो की पायरी गेलेली, तिला फिकीर नव्हती. जी बाई माणसाला नवे दात घडवून देते, ती इंजिनाला धुराडं सहज घडवते. मोडकं म्हणून दोन चहांच्या किमतीत मिळालेली कितीतरी इंजिनं तिने अशी उभी केली होती.

सगळं सुखाने चाललं होतं, पण दोन वर्षांपासून 'सातवा मजला' नावाचा एक इसम साइटवर तिच्या तोंडचा घास पळवत होता. शेवटच्या पाच सेकंदांत यायचा, दमडीने वर बोली लावायचा आणि माल घेऊन पसार व्हायचा. आज ती जिथे खोका न्यायला आली होती, त्या घरातल्या दोन खोक्यांपैकी पहिला तिला मिळाला आणि दुसरा त्याने उचलला. तिने त्याची मूर्ती मनात पक्की केली होती. टक्कल, ढेरी, पायात सपाता.

आता तिने समोरच्या माणसाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. केस भरपूर होते.

"तुम्ही... सातवा मजला?"

"आणि तुम्ही अक्कलदाढ," तो म्हणाला. साइटवर तिचं हेच नाव होतं. "मला वाटायचं, कोणीतरी म्हातारे दंतवैद्य असतील. फार शिव्या घातल्यात मी तुम्हाला."

"किती?"

"माफी मागावी लागेल इतक्या."

त्याने मागितली नाही. नुसता हसला. तिला उरलेला जिना जरा जास्तच चढणीचा वाटला.

वर राहणाऱ्या बाईंनी दोन्ही खोके दाराशीच ठेवले होते. "आमच्या ह्यांचा छंद," त्या म्हणाल्या. "फार टापटिपीने ठेवायचे. जसं होतं तसंच दिलंय, मी काही हलवलं नाही."

तिने आपला खोका उघडला. कागदात गुंडाळलेल्या, ओळीने लावलेल्या इंजिनांच्या बॉड्या... एकीलाही चाक नाही, मोटर नाही. त्याने आपला उघडला. नुसती चाकं आणि मोटरी. टापटिपीच्या त्या गृहस्थांनी सगळी इंजिनं उघडून अंगं एकीकडे आणि पाय दुसरीकडे ठेवले होते.

दोघं आपापल्या खोक्याकडे आणि मग एकमेकांच्या खोक्याकडे बघत राहिले.

"काही कमी आहे का?" बाईंनी काळजीने विचारलं.

"नाही," दोघं एकदम म्हणाले.

अशा रीतीने तो दर रविवारी दुपारी तीन वाजता तिच्या घरी येऊ लागला. ती मावशीकडे राहायची. मावशी निवृत्त मुख्याध्यापिका होती, आणि निवृत्तीचा तिच्या आवाजावर काडीचा परिणाम झाला नव्हता. खिडकीशी लांब टेबल होतं. त्याच्या एका टोकाला तो मोटरी साफ करायचा, दुसऱ्या टोकाला ती तुटकं-फुटकं भरून काढायची. मोटरी बारा होत्या, बॉड्या अकरा. बारावी कुठे गेली कुणास ठाऊक. "अकरा तर होऊ देत, मग बघू," असं ठरलं. आणखी एक गोष्ट ठरली. या बारावीसाठी कामाचं काही साइटवर दिसलं की एकाने दुसऱ्याला कळवायचं, आणि ज्याने आधी पाहिलं त्यानेच बोली लावायची. आपसात स्पर्धा करून भाव वाढवायचा मूर्खपणा करायचा नाही.

पहिलं धुराडं तिने हाताशी होतं त्याच मसाल्यातून ओतलं, म्हणजे कवळीच्या गुलाबी. ते पाहून तो इतका हसला की मावशी आतून बाहेर आली.

"इंजिनाला हिरडी फुटलीय," तो डोळे पुसत म्हणाला.

"काळा रंग देणार आहे मी."

"नका देऊ. याचं असंच राहू द्या."

तिने नाही दिला. खरं तर अशा छोट्या छोट्या गोष्टी साठतच गेल्या. छोटा स्क्रू उचलताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागायची आणि तो "सॉरी" म्हणायचा... पण बोटं जरा उशिरा उचलायचा. की तो तिचा भास होता? एकदा तो हळूच म्हणाला, "सुरेख आहे." तिने झटकन मान वळवली, तर हा बाबा भिंगातून एका दातेरी चाकाकडे बघत होता.

तिचा नुसता गोंधळ उडाला होता. लॅबमध्ये तिने एका आजोबांच्या कवळीला वरचे दात खाली आणि खालचे वर बसवले. पंधरा वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं.

"मला एवढंच सांग," मावशीने एका संध्याकाळी विचारलं, "तो इंजिनांसाठी येतो की तुझ्यासाठी?"

"मला काय माहीत?"

"मग विचार."

"आणि इंजिनांसाठी म्हणाला तर?"

मावशी गप्प झाली. मावशी गप्प होणं ही काही साधी गोष्ट नव्हती.

एका दुपारचं काम ती तीन-तीन आठवडे पुरवू लागली. तोही अधूनमधून स्क्रूड्रायव्हर घरी विसरून यायचा. ते खरं विसरणं की खोटं, याचा निकाल तिला लावता येईना. तेवढ्यात एका रविवारी तो तिच्यासाठी भिंगाचा दिवा घेऊन आला, टेबलाला चिकटवायचा, चांगला महागाचा. तिचा जीव सुपाएवढा झाला.

"याने काम पटपट होईल," तो म्हणाला.

पटपट! म्हणजे याला हे उरकायचं होतं तर. ती दिव्याकडे बघून हसली, आभार मानले, आणि तो गेल्यावर उशीत तोंड खुपसून रडली.

पटपट नाही, पण काम पुढे सरकत गेलं. सात महिन्यांत अकरा इंजिनं फळीवर ओळीने उभी राहिली. उरली ती बारावी मोटर, नागडी. तिची बॉडी मिळाली की सगळंच पुरं होणार होतं. मग त्याने यायचं तरी कशाला? दर रविवारी दार उघडताना हाच विचार तिच्या मनात यायचा, आणि "या ना" म्हणताना तिचा आवाज चिरका व्हायचा.

आणि नेमकी त्याच सुमाराला, एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत, बारावी तिला सापडली.

'घराची सजावट' या सदरात होती. 'जुनं शोपीस, खिडकीत छान दिसेल,' असं कुणीतरी लिहिलं होतं. कुंडीशेजारी टेकवलेली, धुळीने माखलेली इंजिनाची बॉडी. धूसर फोटो, चुकीचं सदर, बोली अवघी चाळीस. अशा सौद्यासाठी ती एरवी जेवणावरून उठली असती. लिलाव संपणार होता रविवारी, पाच वाजून वीस मिनिटांनी.

ठरल्याप्रमाणे तिने त्याला कळवायला हवं होतं. तिने मेसेज लिहिला. खोडला. बुधवारी पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला. शुक्रवारपर्यंत तिने तो सहा वेळा खोडला होता. फसवतोय आपण त्याला, हे तिला टोचत होतं. पण बॉडी घ्यायची म्हणजे रविवार द्यायचे, आणि तेवढी हिंमत तिच्यात नव्हती.

रविवारी तो आला. बाहेर पाऊस रिपरिपत होता. बाराव्या मोटरीत साफ करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी तो ती पुसत बसला होता. तीही एकाच पायरीला चौथ्यांदा रंग देत होती. एकमेकांची चोरटी नजर दोनदा भेटली आणि दोन्ही वेळा दोघांनी ती टेबलावर आपटली.

पाच वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन वाजला. लिलाव संपायला दहा मिनिटं उरली की साइटची एक खास टिणटिण होते, तीच. आवाज बंद करायला ती विसरली होती.

त्याच क्षणी त्याच्या खिशातूनही तीच टिणटिण झाली.

कुणीच मान वर केली नाही.

"मेसेज असेल," ती म्हणाली. "बँकेचा."

"रविवारी?"

"तुमचा कुठला?"

"...बँकेचाच."

"बघा की मग," मावशी आतून ओरडली. "बँक बुडाली असेल."

त्याला माहीत आहे. मग त्याने कळवलं का नाही? गुपचूप स्वतःच घेणार आहे? घेऊन, काम संपवून, मोकळा होणार आहे? पण मग हा बोली लावायची सोडून मोटर का पुसतोय? भिंतीवरचं घड्याळ पुढे चाललं होतं. सात मिनिटं. सहा.

"तुम्ही कधी पाहिलंत?" तिने शेवटी विचारलं.

"मंगळवारी. तुम्ही?"

"मंगळवारी."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

"मी आधी विचारलं."

"नाही. पहिला प्रश्न माझा होता."

त्याने मोटर खाली ठेवली. हात फडक्याला पुसले, मग तळव्यांकडे बघत म्हणाला, "सांगितलं असतं तर ती घ्यावी लागली असती. बारा पुरी झाली असती. मग पुढच्या रविवारी मी कुठल्या तोंडाने बेल वाजवली असती? तुमच्या इमारतीत लिफ्टसुद्धा नाही हो."

तिला हसू आलं आणि रडूही. दोन्ही एकदम आल्यामुळे ती नुसतीच बघत राहिली.

"मग तो दिवा?" ती म्हणाली. "काम पटपट होईल म्हणालात."

"दुसरं काय म्हणणार? तुम्ही सारखे डोळे चोळता... दुखत असणार. पण तसं म्हणालो असतो तर मी दुपारभर कुठे बघत असतो, ते तुम्हाला कळलं असतं."

"चाकांकडे बघता."

"तुम्ही मान वळवलीत की चाकांकडे बघतो."

आतल्या खोलीत वर्तमानपत्राचं पान उलटायचा आवाज थांबला होता.

"मी सहा वेळा मेसेज खोडला," ती म्हणाली. आता थांबणं तिच्या हातात नव्हतं. "मला वाटायचं, तुम्ही इंजिनांसाठी येता. मला... मला तुम्ही आवडता. फार. गेल्या महिन्यात एका आजोबांची कवळी उलटी झाली माझ्याकडून, ती तुमच्यामुळे."

"मी लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना सोडवायला गेलो," तो गंभीरपणे म्हणाला, "आणि हत्यारांच्या पिशवीतून तुमचा रंगाचा ब्रश काढला. त्यांचे चेहरे बघायला हवे होते."

"तो ब्रश तुमच्याकडे आहे?"

"तीन महिने."

तिने हात पुढे केला, ब्रश मागायला म्हणून. त्याने तो हात हातात घेतला. या वेळी सॉरी म्हणाला नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. घड्याळाकडे आधी त्याचं लक्ष गेलं.

"पन्नास सेकंद उरलेत."

"जाऊ दे," ती म्हणाली.

"जाऊ दे," तोही म्हणाला. आणि मग, खिशातला फोन काढून, अगदी दबक्या आवाजात, "बोली साठवर आहे."

"साठ?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रेम वगैरे ठीक होतं, पण साठला ही बॉडी कुणाला तरी खिडकीत ठेवायला जाऊ द्यायची, हे त्या दोघांच्या रक्तात नव्हतं. हात सुटले. "मी लावते," ती म्हणाली. "थांबा, मी लावतो," तो म्हणाला. दोघंही आपापल्या फोनवर झुकले. बोलीची कमाल मर्यादा लिहिली की पुढची चढाओढ साइट आपली आपण करते. धोका नको म्हणून तिने मर्यादा चांगली सढळ टाकली.

आकडा साठवरून दोनशेवर गेला. मग सहाशे. मग एकदम अकराशे.

"कोण आहे हा मेला?" ती संतापली. "हजाराच्या वर चाललाय, लाज नाही वाटत?" तिने मर्यादा आणखी वाढवली.

लिलाव संपला. बाराशे पंचवीस. बॉडी तिची झाली होती. तिने विजयी मुद्रेने मान वर केली, तर तो आपला फोन तिच्यासमोर धरून बसला होता. त्यावर लिहिलं होतं, 'आपली बोली मागे पडली.'

साइटवरून तिने आयुष्यात एवढं महाग काही घेतलं नव्हतं, आणि तेही मोडकं. मग त्याच्या खांद्यांनी हलायला सुरुवात केली, मग तिच्या, आणि दोघं टेबलावर डोकं टेकून हसत सुटले. मावशी दारात येऊन उभी राहिली, दोघांकडे बघितलं, आणि काहीही न विचारता चहा टाकायला गेली.

चहा झाला. पाऊस थांबला होता. पिशवी खांद्यावर घेऊन तो दाराशी घुटमळला. त्याचा चेहरा पुन्हा गोंधळलेला दिसत होता, आणि आज पहिल्यांदाच तिचा तसा नव्हता.

"पार्सल यायला आठवडा लागेल," तो म्हणाला. "म्हणजे पुढच्या रविवारी तसं काही कामच..."

"उद्या ये."

"उद्या सोमवार आहे. उद्या काय करायचंय?"

"काही नाही," ती म्हणाली. "नुसता ये."