एक इंजिन की दोन?

"माफ करा... इथं कुणी राहतं का?"

आवाज आला तेव्हा मी पलंगावर डोळे मिटून आडवी पडले होते. दचकून उठले आणि वरच्या फळीवर डोकं आपटलं. मला सावरायला तो घाईनं आत आला, तर दाराच्या चौकटीवर त्याचंही डोकं आपटलं. दोघंही कपाळ चोळत एकमेकांकडे बघत राहिलो.

"मी झोपले नव्हते," मी म्हणाले. "माप घेत होते."

"डोळे मिटून?"

"अंधारात उठलं तर डोकं लागतं का, ते बघत होते."

"लागतं," तो गंभीरपणे म्हणाला.

पलंग, फळी, चौकट, सगळं प्लायवूडचं होतं. मी बोटींचे आराखडे काढते. आमच्या गोदीत खरा पोलादी पत्रा कापण्याआधी एखादी खोली अशी लाकडात उभारून बघतात. ही खोली एका वीस मीटर लांब मोटरबोटीची होती, आणि हा उंच, जरासा पोक काढून चालणारा माणूस तिचा होणारा कॅप्टन. बोट बांधून घेत होती त्याची आत्या. आराखड्याचं सगळं तिनं भाच्यावर सोपवलं होतं.

तो दर आठवड्याला येऊ लागला आणि माझा गोंधळ सुरू झाला.

पहिल्या भेटीत ठरलं, इंजिन एकच. प्रवास लांबचा, डिझेल कमी लागेल. दुसऱ्या भेटीत म्हणाला, "दोन बरी नाहीत का? एक बंद पडलं तर..." दोन इंजिनं म्हणजे टाक्या सरकल्या, जनरेटर सरकला, वरचं स्वयंपाकघरही सरकलं. मी सगळं नव्यानं काढलं. तिसऱ्या भेटीत त्यानं तो कागद बराच वेळ न्याहाळला आणि हळूच म्हणाला, "एकच बरं होतं बहुतेक."

गोदीचे मालक, आमचे नाना, यांनी त्याचं नाव खोडरबर ठेवलं. "आला बघ तुझा खोडरबर," असं ते जिन्यातूनच ओरडायचे. 'तुझा' कशाला म्हणायचे, कोण जाणे.

एकदा मी विचारलं, "सुकाणूजवळ खुर्च्या किती?"

"दोन."

"कॅप्टन तर एकच असतो."

"हो, पण... शेजारी कुणीतरी हवं. गप्पा मारायला."

"आत्या?"

"आत्या गप्पा मारत नाही. हुकूम सोडते." तो खिडकीबाहेर बघायला लागला. भुरभुर पावसात क्रेनचा हुक संथ डोलत होता. "तुम्हाला समुद्र लागतो का हो?"

"बोटीचा आराखडा काढायला समुद्र लागून चालत नाही."

"तसं नाही... असंच विचारलं."

असंच! मग मी ती खुर्ची काढली. बसायची उंची ठरवताना पेन्सिल नकळत माझ्याच मापावर थांबली, तेव्हा मात्र मी स्वतःवरच चिडले.

त्याची नजर कागदावर कमी आणि माझ्या हातांवर जास्त असायची. न सांगता तो माझ्या पेन्सिलींना टोक करून ठेवायचा. गेला की मी त्याच्या नावानं बोटं मोडायची, आणि तो यायच्या दिवसासाठी निळा शर्ट इस्त्री करून ठेवायची. वहिनीनं एकदा पकडलंच. "तुला त्याचा राग येतो की तो आवडतो?"

"माहीत नाही गं."

"मग दोन्ही असेल," असं म्हणून ती कणीक मळायला लागली. माझं आपलं तळ्यात-मळ्यात चालूच राहिलं.

एके दिवशी त्याच्याऐवजी आत्याच आली. आखूड पांढरे केस, ताठ पाठ, नानांच्या दंडाला धरून जिना चढलेली. नवऱ्याच्या मागे मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटींचा धंदा तिनं एकटीनं चालवला होता. तिनं आराखडा उचलला आणि मान वळवून, डोळ्याच्या कडेनं तो बघू लागली.

"मधलं दिसत नाही मला," ती म्हणाली. "कडेकडेचं दिसतं. एक विचारू? तुझं अजून का ठरत नाही?"

"माझं?"

"एक इंजिन, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तो म्हणतो, आराखडावाल्या बाईंचा विचार चालू आहे."

माझं डोकं चक्रावलं.

"मला बर्फाचा समुद्र बघायचाय," ती म्हणाली. "म्हणून तर पोलादी बोट. बर्फ थांबेल गं, माझे डोळे थांबायचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी त्याला जिन्यातच गाठलं. "दोन इंजिनं कुणाला हवी होती?"

तो एक पायरी खाली उतरला. पहिल्यांदाच आमची उंची सारखी झाली. "कुणालाच नाही," तो म्हणाला. "आराखडा पूर्ण झाला की मला इथं यायला कारण उरणार नव्हतं. म्हणून... तुमच्या नावावर ढकललं. चुकलं माझं."

हेच तर मला ऐकायचं होतं. आणि ऐकलं तेव्हा त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

"तुमची आत्या आंधळी होत चाललीय. तुम्ही घालवलेला प्रत्येक आठवडा तिच्या डोळ्यांतून गेलाय."

त्याचा चेहरा उतरला. "मला म्हणाली, चष्म्याचा नंबर वाढलाय... एवढंच."

तो तसाच मागे फिरला. सगळं कबूल करायला तो घरी चालला होता, हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, गेला. संपलं. सुटले एकदाची. मग टेबलाशी बसून मी रडत का होते, तेही मला कळेना.

संध्याकाळी तो परत आला, आत्याला घेऊन.

"याला मी फार बोलले आहे," आत्या खुर्ची ओढत म्हणाली. "तू आता वेळ घालवू नकोस. काम कर."

आम्ही कामाला बसलो. एक इंजिन. हेलकावे कमी करायला तळाशी दोन पंख. खारं पाणी गोडं करायचं यंत्र, प्रत्येक खोलीत हीटर, पुढच्या भागाला जाड पत्रा. तो एकेक सांगत होता, मी काढत होते. कुणीही काही खोडलं नाही. शेवटी सुकाणूच्या खोलीपाशी मी थांबले.

"इथं मला एक बदल करायचाय," मी म्हणाले. "समोरची काच दोन्ही बाजूंना वळवून मागपर्यंत न्यायची. आत्यांना कडेचं दिसतं ना? मग बर्फही कडेनं दिसू दे."

आत्यानं चाचपडत माझा हात शोधला आणि धरून ठेवला. नाना तिला खाली गाडीपर्यंत सोडायला गेले.

तो मागे रेंगाळला. मी सही करायला दाखवलं तिथं त्यानं सही केली, पेन्सिली गोळा करून डब्यात ठेवल्या.

"येतो," तो म्हणाला. "म्हणजे... आता यायचं काही कारण नाही. पण तुम्ही मला आवडता. हे तरी सरळ सांगून जावं म्हटलं."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. इतक्या बोटी चालवलेला माणूस, आणि याला खरंच माहीत नव्हतं?

"तुम्ही कधी बोट बांधून घेतली नाहीये ना?"

"नाही. नुसत्या चालवल्या. का?"

"आराखडा झाला की पत्रे कापतात. मग वर्ष-दीड वर्ष बांधकाम. आणि मालकाच्या माणसाला रोज यावं लागतं. रोज... सकाळपासून."

तो खुर्चीत खाली बसला. "म्हणजे मी ते सगळं... उगाच?"

"अगदी उगाच."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले तेव्हा कळलं, तो हसतोय. मग मलाही आवरेना.

"आणि बांधून झाल्यावर?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"समुद्रात चाचणी. तेव्हा आराखडा काढणारी बोटीवर लागते."

"आणि त्यानंतर?"

खालून नानांची हाक आली. मी ओ दिली नाही.

"त्यानंतरचं मला अजून काही कळत नाही," मी म्हणाले. "पण तुम्ही मला आवडता, तेवढं ठरलंय. आता त्यात बदल सुचवू नका."

"नाही सुचवत," तो म्हणाला, आणि माझा हात हातात घेतला.