काम पूर्ण, फोटो पाठवला आहे

शिक्रापूरला चाकण चौकातून आत वळलं की ट्रकांच्या रांगेमागं आमची बिल्डिंग दिसते. मी रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो, त्यामुळं घरी आल्यावरही डोळा गप्प बसत नाही. जिन्याच्या भिंतीला भेग पडली तेव्हा तिच्यात नख जात होतं. पावसाळा सरेपर्यंत बोट जायला लागलं.

भेगेच्या पलीकडं आमची खोली, आणि त्या भिंतीला लागून आईचा पलंग. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई पलंगावरच असते. उशाची भिंत ओली, चादरीला कुबट वास, छताला पोपडे. मी ड्युटीवर गेलो की घरात ती एकटी. छताचा एखादा तुकडा तिच्या अंगावर येईल, या धाकात माझी शिफ्ट संपायची.

बिल्डर फ्लॅट विकून मोकळा झाला होता. सोसायटी नोंदवली नाही, जमीनही त्याच्याच नावावर. देखभालीला त्यानं सत्यजीत म्हणून एक एजंट नेमला होता. या सत्यजीतला आम्ही कुणी कधी पाहिला नव्हता. तो फक्त व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर असायचा.

करून काय करणार? बिल्डर आला नाही तरी सोसायटी नोंदवता येते, असं सहकार निबंधकाच्या कचेरीत सांगितलं, पण निम्म्याहून जास्त मालकांच्या सह्या आणा म्हणाले. आमचे निम्मे मालक फ्लॅट कामगारांना भाड्यानं देऊन पुण्यात बसलेले. ग्राहक आयोगाचं नाव काढलं तर वकील म्हणाला, जाऊ की, पण घाई असेल तर दुसरं काहीतरी बघा. ग्रामपंचायतीनं हा खाजगी मामला आहे म्हणून हात झटकले.

"धम्मदीप, गावाकडं बांध फुटला तर लोकं फावडी घिऊन येत्यात," वरच्या मजल्यावरचे हौसराव आप्पा म्हणाले. "हितं फुटला तर मोबाईल घिऊन येत्यात." आप्पा मूळ कासुर्डीचे. पोराकडं राहायला आले, पोरगा परदेशी गेला आणि ते इथंच राहिले. मी नसताना आईला दुपारचा चहा तेच करून द्यायचे.

शेवटी मी भेगेचा फोटो ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी सत्यजीतचं उत्तर आलं. 'काम पूर्ण. पोच द्यावी.' सोबत फोटो. तोच जिना, तोच कठडा, आणि भिंतीला सफाईदार नवा गिलावा.

आमच्याकडं ग्रुपवर कुणी काही टाकलं की अंगठा द्यायची पद्धत आहे. वाढदिवस असो, मयत असो, अंगठा द्यायचा. नाही दिला तर माणूस माजला म्हणतात. भराभर अंगठे आले. मी घरी येऊन पाहिलं तर भेग होती तिथंच होती. बोट आत घातलं. आतून गार हवा येत होती.

मी सत्यजीतला फोन लावला. "साहेब, फोटो बघितला नाही का?" एवढंच म्हणाला आणि ठेवून दिला. बिल्डरच्या ऑफिसात गेलो तर तिथल्या बाईंनीही फोटोच पाहिला. "काम झालंय की. तुमच्या लोकांनी पोच दिलीये."

मग आप्पांच्या बाल्कनीचा कोपरा ढासळला. त्यांनी तक्रार टाकली. उत्तरात आलेल्या फोटोत बाल्कनीच नव्हती, सरळ भिंत होती. आप्पा हसले. "घ्या, बाल्कनीच गिळली भाड्यानं." आणि गंमत म्हणून त्यांनीही अंगठा दिला. त्या संध्याकाळी मी खालून वर पाहिलं. बाल्कनी नव्हती. मलबा नव्हता, परांची नव्हती, भिंतीवर जुनं शेवाळ होतं.

आप्पांना म्हटलं, काही दिवस गावाला जा. "बघू," म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांचं दार चौकटीत अडकायला लागलं. त्यांनी सवयीनं ग्रुपवर टाकलं.

फोटोत दार नव्हतं.

मी कंपनीतून निघून येईपर्यंत अंगठे पडले होते. वर गेलो. दाराच्या जागी जुनाट, रंग उडालेली भिंत होती, कोपऱ्यात कोळ्याचं जाळंसुद्धा. शंभू गवंड्याला बोलावलं. त्यानं छिन्नीनं वीट काढली, मागं वीट, तिच्यामागं वीट, आणि मग एकदम उजेड आणि खालचा हायवे.

"दादा, हितं खोली नव्हतीच कवा," शंभू म्हणाला आणि हत्यारं गोळा करायला लागला.

पोलिसांनी फोटो पाहिला, भिंत पाहिली. दोन्ही सारखंच होतं. ते गेले.

आप्पांचा फोन लागत नाही. पण ग्रुपवर कुणी काही टाकलं की त्यांचा अंगठा येतो.

मी आईला कासुर्डीला आप्पांच्या भावाकडं हलवायचं ठरवलं. रविवारी गाडी मिळणार होती. तोवर मी एकही तक्रार टाकली नाही. ओल्या भिंतीबद्दल अवाक्षर काढलं नाही. आईच्या हातातला मोबाईलसुद्धा साधा, बटणांचा ठेवला.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत लॉकरमधून मोबाईल काढला. ग्रुपवर आईच्या नावानं सत्यजीतचा मेसेज होता. 'भागुबाई यांच्या खोलीतील गळती. काम पूर्ण. पोच द्यावी.'

फोटोत जिना होता. भेग नव्हती. आमचं दारही नव्हतं.

मी लिहिलं, 'हात जोडतो, कुणीही अंगठा देऊ नका. आई आत आहे.'

माझ्या त्या मेसेजवर अंगठे यायला लागले. पहिला आप्पांचा.

आईला फोन लावला. तिनं लगेच उचलला. तिचा आवाज बरा होता, कितीतरी दिवसांनी बरा होता.

"पाणी गळायचं थांबलं बघ, बाळा. भिंत कशी खडखडीत कोरडी झालीया. आप्पा बी आल्यात, चहा ठिवतो म्हंत्यात." ती जरा थांबली. "फकस्त अंधार लई झालाय, आन् आमास्नी दोघांस्नी बी दार घावंना."