वहिनींची कवळी

जरा इकडे सरकून बसा. हा स्पिरिटचा दिवा मेण वितळवायचा आहे, त्याला वारा लागायला नको. माझं बोलणं सावकाश असतं, घाई असेल तर आधीच सांगा.

मी कवळ्या करतो. डॉक्टर दात काढतात, मी बसवायचे दात घडवतो. एकोणचाळीस वर्षं झाली. पुढे दवाखाना, मागे माझी ही खोली. दवाखान्याच्या डाव्या भिंतीत एक दार आहे, त्यापलीकडे डॉक्टरांचं घर. शाळेत मी चौथीपर्यंतच गेलो, पण गावातलं कुठलंही तोंड दाखवा, कोणाचं ते सांगेन. डॉक्टर मला कारागीर म्हणतात. चारचौघांत म्हणाले की मला अजून लाजायला होतं.

नवी कवळी बसवली की डॉक्टर माणसाला साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणायला लावतात. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. ‘स’ नीट वाजला की दात नीट बसले. एक आजोबा खुशीत येऊन थांबेचनात. डॉक्टर म्हणाले, “पुरे आजोबा, बाहेरच्यांनाही तोंडं आहेत.”

वहिनींचे, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोचे, सगळे दात आठ वर्षांपूर्वी काढावे लागले. हिरड्या भरल्यावर मापं घेतली, मी मेणात दात लावून ठेवले. तोवर वहिनी बोळक्या तोंडानं बोलायच्या आणि डॉक्टर चिडवायचे. वहिनीही कमी नव्हत्या. “थांबा, हुमचेच पाडते,” म्हणायच्या, आणि दोघंही हसत सुटायचे.

एका सकाळी छाती जड वाटते म्हणून त्या पडून होत्या. दवाखान्यात एक बाई गाल सुजवून बसली होती. डॉक्टर निघाले तेव्हा वहिनी अंथरुणातून म्हणाल्या, “अहो… आऊ नका.” मधला शब्द तोंडातच राहिला. डॉक्टर हसून म्हणाले, “दात आले की सांग,” आणि दातांच्या मशीनच्या आवाजाचा त्रास नको म्हणून मधलं दार लावून घेतलं.

अर्ध्या तासानं ते परत गेले तेव्हा वहिनी गेल्या होत्या.

“जाऊ नका म्हणत होती ती, कारागीर,” डॉक्टर म्हणायचे. “आणि मी थट्टा केली.” जेवण सुटलं. हात कापायला लागला. मग आलेली माणसं परत पाठवायला लागले. मला वाटलं, हाही माणूस आता फार दिवसांचा नाही.

महिना गेला असेल. दुपारी दवाखाना बंद असतो. एका मास्तरांची कवळी घासूनपुसून तयार झाली होती, ती टेबलावर ठेवायला मी पुढे गेलो. पडदे ओढलेले, लवंगेच्या तेलाचा वास कोंडलेला. डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

खुर्ची रिकामी होती. आणि खुर्चीतून आवाज येत होता.

“एकफफ्… बाफफ्… त्रेफफ्…”

मी हातातली कवळी दोन्ही हातांनी धरली.

“तुलाही ऐकू येतंय ना?” डॉक्टर कुजबुजले.

“हो…”

“बरं झालं. मला वाटलं माझंच डोकं फिरलं. पाच दिवस रोज येते.” त्यांचे डोळे भरले. “तिला दात नाहीत रे… सांगणार कशी?”

मी वाद घातला नाही. फळीवरचे ते मेणातले दात खाली घेतले आणि दोन दिवसांत कवळी पुरी केली. इतकं जीव लावून काम मी पूर्वी केलं नव्हतं. डॉक्टरांनी ती धुतली आणि स्वच्छ रुमालावर, खुर्चीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता आवाज आला. एकसष्ट. बासष्ट. सत्तरपर्यंत, एकही अक्षर न घसरता.

डॉक्टरांनी विचारलं, “त्या दिवशी काय म्हणालीस गं?”

खुर्चीतून आलं, “दार… लावू नका.”

डॉक्टर स्टुलावर बसले. रडत होते आणि हसतही होते. “जाऊ नका नव्हती म्हणाली! माझा आवाज कानावर असावा, एवढंच मागत होती वेडी.” उठून त्यांनी मधलं दार सताड उघडलं, कडीच काढून टाकली. त्या रात्री दोन वेळा वाढून घेतलं त्यांनी.

तेव्हापासून ते दार कधी लागलं नाही. रोज तीन वाजता डॉक्टर खुर्चीपाशी बसतात, गावातल्या गमती सांगतात. हात स्थिर झाला. या वयात पोरांशी कुस्ती धरल्यासारखे अक्कलदाढा काढतात.

यंदा मात्र ‘स’ घसरायला लागला. डॉक्टर कौतुकानं म्हणाले, “कवळी सैल झाली हिची. आठ वर्षांत हिरड्या झिजणारच.”

माझ्या मनात आलं, हिरड्या झिजतात त्या जित्या माणसाच्या.

परवा त्यांनी नवं माप घ्यायला काढलं. ट्रेमध्ये लगदा भरला, रिकाम्या खुर्चीवर वाकले आणि ट्रे हवेत धरला. “नाकानं श्वास घे हं. झालंच.” तीन मिनिटं त्यांचा हात हलला नाही. एकदाच, कुणी खालून तोंड मिटावं तसं, मनगट जरासं ओढलं गेलं.

ट्रे माझ्या हाती देताना त्यांचा चेहरा लग्नातल्या नवऱ्यासारखा होता. मी इथे येऊन त्या मापात प्लॅस्टर ओतलं. सुकल्यावर माप सोडवलं.

वहिनींच्या वरच्या जबड्याला गुळगुळीत हिरडी होती, मी स्वतः तिच्यावर काम केलंय. या प्लॅस्टरमध्ये दात होते. अखंड, एकाला एक चिकटलेले. झीज म्हणून कुठे नाही, जणू त्यांनी कधी घासच चावला नव्हता. मी पुष्कळ वेळ बघत बसलो. गावातलं तोंड नव्हतं ते.

ते मी फोडलं. आज डॉक्टरांना सांगितलं, बुडबुडा आला, माप वाया गेलं. दुसरं काय सांगणार? आठ वर्षं ते ज्या आवाजावर जेवले, झोपले, तो कुणाचा आहे हे मी कुठल्या तोंडानं विचारू?

ते मुळीच रागावले नाहीत. पाठीवर थाप मारून म्हणाले, “म्हातारा झालास, कारागीर. असू दे. उद्या पुन्हा घेऊ. मात्र या वेळी ट्रे तू धर, ती म्हणतेय. तुझा हात हलका आहे म्हणे.”