कृत्तिकाचं वय

अरुणपूर या मंगळावरच्या वसाहतीत, शीतनिद्रा प्रयोगशाळेत, डॉ. झरीन मोकाशींनी केतकी बारटक्केच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला आणि पेशीघड्याळाच्या काचपट्टीवर सोडला. पेशी किती झिजल्या आहेत हे पाहून शरीराचं वय सांगणारं ते यंत्र होतं.

"अडतीस," डॉक्टर म्हणाल्या. "उमाकांतरावांचं एकोणचाळीस. दोघंही ठणठणीत आहात."

"समितीच्या लेखी मात्र मी अठ्ठ्याहत्तरची म्हातारी आहे," केतकी म्हणाली.

केतकी आणि तिचा नवरा उमाकांत दोघंही यानचालक. नेपच्यूनपलीकडच्या मोहिमेवर जाता-येता मिळून चाळीस वर्षं दोघं शीतनिद्रेत होती. परतीच्या वाटेवर त्यांच्या यानाला एक भरकटलेलं प्रवासी यान दिसलं. आत एकच निद्राकोश चालू होता आणि त्यात पाच वर्षांची कृत्तिका झोपलेली होती. तिच्या आईवडिलांनी शेवटची ऊर्जा त्या एका कोशाला दिली होती.

अरुणपूरला पोचल्यावर बालकल्याण समितीने तिला तात्पुरत्या संगोपनासाठी या दोघांकडेच ठेवलं. त्याला तीन वर्षं झाली. कृत्तिका आता घरभर शीळ घालत हिंडायची, उमाकांतच्या वेड्यावाकड्या भाकऱ्यांना नकाशातल्या देशांची नावं द्यायची आणि दोघांना आई-बाबा म्हणायची. पण दत्तक घ्यायचा अर्ज केला, तेव्हा नियम आडवा आला. दत्तक घेणाऱ्याचं वय पंचावन्नच्या आत हवं. पृथ्वीवरचं एक पात्र कुटुंब तयार होतं. सुनावणीत अर्ज फेटाळला गेला, तर पुढच्या यानाने कृत्तिका तिकडे जाणार होती.

सुनावणीला समितीच्या अध्यक्ष मनोरमा डिसले होत्या. त्यांनी पेशीघड्याळाचे आकडे शांतपणे ऐकून घेतले.

"डॉक्टर, मला सोप्या भाषेत सांगा. चाळीस वर्षं गेली की नाही?"

"जगाची गेली, यांची नाही," डॉ. मोकाशी म्हणाल्या. "शीतनिद्रेत पेशी जवळजवळ थांबतात. केस वाढत नाहीत, हाडं झिजत नाहीत, आठवणीही साठत नाहीत. पंचांगवय पुढे जातं, देहवय जागच्या जागी राहतं. मुलीला वाढवायचं ते देहाने."

"नियमात नुसतं 'वय' लिहिलंय, आणि त्याचा अर्थ लावायचा अधिकार माझा आहे. म्हाताऱ्या पालकांमागे दुसऱ्यांदा पोरकी झालेली मुलं मी पाहिली आहेत. उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल, मी मनाने तरुण आहे! जन्मतारखेशी कुणाला खेळता येत नाही, म्हणून मी पंचांगवयच धरते."

उमाकांतने टेबलाखाली केतकीचा हात घट्ट धरला.

"अर्ज फेटाळण्यापूर्वी मुलीचा जबाब घ्यावा लागतो," मनोरमाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "ये बाळ, इथे बस. नाव सांग."

"कृत्तिका."

"वय?"

"आठ."

"जन्मतारखेप्रमाणे सांगायचं हं," बाई सवयीने म्हणाल्या.

कृत्तिकाने तारीख घडाघडा सांगितली. मनोरमाबाईंनी मनातल्या मनात वजाबाकी केली, मग बोटांवर केली. निद्राकोशात गेलेली चव्वेचाळीस वर्षं त्यांच्या हिशेबात पहिल्यांदाच येत होती.

"बावन्न," त्या पुटपुटल्या. "अहो, ही तर माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी आहे!"

समोर पाय हलवत बसलेल्या पोरीचं पंचांगवय काढायचं आजवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तिघांनाही एकच माप लावावं लागेल," डॉ. मोकाशी सावकाश म्हणाल्या.

"कळतंय मला!" मनोरमाबाईंना हसू आवरेना. "पंचांगवय धरलं तर ही सज्ञान बाई आहे, आणि तिला कुठे पाठवायचा मला काडीचा अधिकार नाही. देहवय धरलं तर हे दोघं पात्र आहेत." त्या कृत्तिकाकडे वळल्या. "माझ्या आत्ताच्या निर्णयाप्रमाणे तू सज्ञान आहेस. म्हणून तुलाच विचारते. कुठलं वय लावू?"

"बावन्न असलं तर काय होतं?"

"कुणाचं ऐकावं लागत नाही. हवं तिथे, हवं तसं राहायचं."

"आणि आठ?"

"मग या दोघांची मुलगी, कायमची. शाळा, गृहपाठ, वेळेवर झोप."

"पाढेसुद्धा?"

"पाढेसुद्धा."

कृत्तिकाने गाल फुगवून बराच विचार केला.

"आठ," कृत्तिका सुस्कारा टाकून म्हणाली आणि खुर्चीवरून उडी मारून दोघांच्या मधे घुसली. उमाकांतने तिला वर उचललं. मंगळावर वजन कमी, त्यामुळे ती जवळजवळ छताला टेकली आणि खिदळायला लागली.

मनोरमाबाईंनी घसा साफ केला आणि निकाल सांगायला घेतला. "सज्ञान कृत्तिकाच्या पूर्ण संमतीने, तिला या क्षणापासून अज्ञान ठरवण्यात येत आहे. दत्तकविधान मंजूर."

"बाई, पुन्हा एकदा वाचाल का?" केतकी डोळे पुसत म्हणाली.

मनोरमाबाईंनी पुन्हा वाचलं, या वेळी जरा मोठ्याने.